बटण दाबताच फॉर्म कोरा होतो आणि पान पुन्हा उघडते: कारण कसे शोधावे

जावास्क्रिप्ट नुकतीच शिकू लागलेल्यांकडून एक तक्रार इतक्या वेळा येते की तिचे शब्दही आता पाठ झाले आहेत. फॉर्म भरला, बटण दाबले, क्षणभर काहीतरी चमकून गेले आणि सगळे रकाने पुन्हा कोरे झाले. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुकांचे संदेश लिहितो त्या खिडकीत, लाल अक्षरांत काही दिसले होते, पण वाचायच्या आत तेही गेले. तक्रार एकच असली तरी तिच्यामागे निदान सात-आठ निरनिराळी कारणे असू शकतात, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाला लागू पडलेली ओळ उचलून आपल्या कोडमध्ये चिकटवली तर ती कधी चालते, कधी चालत नाही. पान पुन्हा उघडताना झालेल्या चुकीचा पुरावाही पुसून टाकते, ही या प्रकारातली खरी अडचण आहे. त्यामुळे कोडला हात लावण्याआधी पुरावा जपण्याची सोय करावी, हे माझे पहिले सांगणे असते.

कोडमधले शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात आणि तेथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जिवावर बेतू शकतो. 'गेट एलिमेंट बाय आयडी' मधल्या शेवटच्या 'डी'ला मोठे अक्षर दिले, तर असे कोणतेही फंक्शन नाही, असे ब्राउझर सांगतो.

पुरावा कसा जपावा

क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' हा पर्याय निवडावा. फायरफॉक्समध्ये त्याचे नाव 'पर्सिस्ट लॉग्ज' असे आहे. यानंतर पान बदलले तरी आधीचे संदेश कन्सोलमध्ये टिकून राहतात. क्रोम त्यांच्या जोडीला 'नॅव्हिगेटेड टू' अशी एक ओळही लिहितो, आणि त्या ओळीच्या आधारे बरेच काही समजते. लाल संदेश त्या ओळीच्या वर असेल, तर पान जाण्याआधीच तुमच्या कोडमध्ये काहीतरी मोडले होते. वर लाल असे काहीच नसेल, तर बहुधा तुमचे फंक्शन चाललेच नाही, किंवा चालले पण त्याने पानाला अडवले नाही.

दुसरा पुरावा पत्त्याच्या पट्टीत असतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पाठवण्याची पद्धत न सांगितलेल्या फॉर्मसाठी ब्राउझर 'गेट' ही पद्धत धरतो, त्यामुळे पान पुन्हा उघडल्यावर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे रकान्यांची नावे व त्यांत भरलेला मजकूर दिसतो. असे दिसले की फॉर्म ब्राउझरने स्वतः पाठवला आहे, याबद्दल शंका उरत नाही. नुसतेच प्रश्नचिन्ह दिसले, तर एक जादा माहिती हाती लागते, ती म्हणजे रकान्यांना 'नेम' दिलेले नाही. ब्राउझर फॉर्म पाठवताना 'आयडी' पाहतच नाही, आणि ज्या रकान्याला 'नेम' नाही तो त्याच्या हिशोबी नसल्यासारखाच असतो. याच पट्टीत पासवर्ड उघडा दिसून दचकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. तो पासवर्ड ब्राउझरच्या हिस्ट्रीतही जातो, म्हणून अशा फॉर्मची मेथड 'पोस्ट' असावी.

हे असे का घडते, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली, तेव्हा फॉर्म आधीपासून वापरात होते आणि त्यांचे काम ठरलेले होते: भरलेली माहिती सर्व्हरकडे पाठवायची आणि सर्व्हर जे पान परत देईल ते दाखवायचे. ब्राउझर आजही तेच करतो. फॉर्म टॅगला 'ॲक्शन' लिहिलेली नसेल, तर माहिती त्याच पानाच्या पत्त्यावर जाते, आणि म्हणून तेच पान कोऱ्या रकान्यांसह पुन्हा समोर येते. पानाने जागेवर राहावे असे वाटत असेल, तर 'सबमिट' या इव्हेंटवर, म्हणजे फॉर्म पाठवला जाण्याच्या घटनेवर, 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' बोलावून ब्राउझरला तसे सांगावे लागते. ते सांगणे वेळेत आणि योग्य ठिकाणी पोहोचत नाही, एवढीच गोष्ट पुढच्या बहुतेक कारणांत निरनिराळ्या रूपांत घडते.

लिसनर जोडलाच गेलेला नसतो

लाल ओळ 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' (नल म्हणजे 'काहीच नाही') अशी असेल आणि तिच्यात पुढे 'ॲड इव्हेंट लिसनर' असा उल्लेख असेल, तर लिसनर, म्हणजे इव्हेंट घडताच चालायचे फंक्शन, जोडायला तुमच्या स्क्रिप्टला फॉर्म सापडलेलाच नाही. याचे नेहमीचे कारण असे की स्क्रिप्ट टॅग 'हेड'मध्ये आहे, आणि ब्राउझर पान वरून खाली वाचत जातो, त्यामुळे स्क्रिप्ट चालते त्या क्षणी फॉर्म अजून तयारच झालेला नसतो. वेगळ्या फाइलमधून येणाऱ्या स्क्रिप्टच्या टॅगवर 'डिफर' लिहावे, म्हणजे पान पूर्ण वाचून झाल्यावर ती चालते. स्क्रिप्ट पानातच लिहिलेली असेल तर 'डिफर'चा तिच्यावर परिणाम होत नाही. अशी स्क्रिप्ट 'बॉडी' संपण्याच्या जरा आधी ठेवावी. एवढे करूनही नलच येत असेल, तर आयडीचे स्पेलिंग तपासावे आणि आयडीच्या आधी हॅशचे चिन्ह तर लागले नाही ना, ते पाहावे. 'क्वेरी सिलेक्टर'ला ते चिन्ह हवे असते, 'गेट एलिमेंट बाय आयडी'ला नको असते, आणि एकातून दुसऱ्यात बदल करताना ते हमखास मागे राहते.

लाल ओळ 'नल'ऐवजी 'अनडिफाइन्ड'बद्दल असेल आणि तिच्यात 'प्रिव्हेंट डिफॉल्ट'चे नाव असेल, तर लिसनर जोडताना फंक्शनच्या नावापुढे कंस पडलेले असण्याची शक्यता मोठी आहे. कंस पडले की फंक्शन त्याच क्षणी, म्हणजे पान उघडतानाच, चालते. त्याला इव्हेंट मिळत नाही, म्हणून ते मोडते. या चुकीचा मुका प्रकार जास्त त्रास देतो. फंक्शनमध्ये इव्हेंटचा वापरच नसेल, तर ते निमूटपणे एकदा चालते, लिसनरच्या जागी काहीच जोडले जात नाही आणि ब्राउझर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. इव्हेंटचे नाव 'सबमिट' ऐवजी 'ऑनसबमिट' लिहिले, तरीही अशीच शांतता असते. ब्राउझरच्या दृष्टीने ते कधीतरी घडू शकणाऱ्या एखाद्या इव्हेंटचे नाव आहे. तो कधीच घडत नाही, इतकेच.

बटणावर क्लिक की फॉर्मवर सबमिट

नवशिक्यांच्या कोडमध्ये लिसनर बहुतेक वेळा बटणाच्या 'क्लिक'वर असतो, आणि त्यांना मिळणारा सल्लाही बहुतेक वेळा 'बटणाला टाइप बटण लिहा' एवढाच असतो. सल्ला खोटा नाही. फॉर्मच्या आत असलेल्या बटणाला टाइप लिहिला नाही, तर ते 'सबमिट' बटण ठरते, आणि टाइप बदलला की दाबल्यावर पान जात नाही. पण हा सल्ला अर्धा आहे, आणि तो अर्धा का आहे, हे माउस बाजूला ठेवून एंटर दाबल्याशिवाय कळत नाही.

ज्या फॉर्ममध्ये सबमिट बटण नाही आणि मजकुराचा एकच रकाना आहे, तेथे त्या रकान्यात एंटर दाबले की ब्राउझर फॉर्म पाठवतो. असे दोन रकाने असतील, तर पाठवत नाही. त्यामुळे शोधाच्या एका रकान्याचा फॉर्म बनवणाऱ्याला माउसने सगळे ठीक चालताना दिसते आणि एंटर दाबले की पान उडते, तर तोच कोड दोन रकान्यांच्या फॉर्ममध्ये वापरणाऱ्या त्याच्या मित्राला एंटर दाबून काहीच होताना दिसत नाही, आणि दोघेही एकमेकांचे म्हणणे खोटे ठरवतात.

सबमिट बटण असलेल्या फॉर्ममध्ये याहून मजेशीर प्रकार घडतो. समजा, नाव आणि पासवर्ड असे दोन रकाने आहेत, पासवर्डशेजारी 'दाखवा' असे छोटे बटण आहे आणि सर्वांत खाली 'पाठवा' हे बटण आहे. दोन्ही बटणांना टाइप लिहिलेला नाही. आता नावाच्या रकान्यात एंटर दाबले, तर ब्राउझर फॉर्ममधले पहिले सबमिट बटण शोधतो आणि ते दाबल्यासारखे करतो. ते बटण 'दाखवा' हे असल्यामुळे पासवर्ड क्षणभर उघडा दिसतो आणि लगेच पान जाते. कोड लिहिणारा 'पाठवा'चा कोड तासभर तपासत बसतो, आणि त्यात चूक नसतेच.

म्हणून माझे मत असे की फॉर्म पाठवण्याशी संबंधित लिसनर नेहमी फॉर्मवर आणि 'सबमिट' या इव्हेंटसाठीच जोडावा. 'पाठवा' या बटणाला टाइप सबमिटच राहू द्यावा, आणि 'दाखवा', 'आणखी एक रकाना जोडा' अशा बाकीच्या सर्व बटणांना मात्र टाइप 'बटण' आठवणीने लिहावा. मग माउस, एंटर आणि मोबाइलच्या कीबोर्डवरची 'गो' ही कळ, या सगळ्या वाटा एकाच फंक्शनपाशी येतात. 'सबमिट'साठीचा लिसनर बटणावर जोडण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण तो इव्हेंट फॉर्मवर घडतो आणि बटणाला त्याची खबर लागत नाही.

अडवले, पण उशिरा

फंक्शन चालते, कन्सोलमध्ये त्याचा संदेशही येतो, आणि तरी पान जाते, अशा वेळी 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' कितव्या ओळीवर आहे, ते पाहावे. त्याच्या आधीच्या एखाद्या ओळीत एरर आली, तर फंक्शन तेथेच थांबते आणि अडवण्याची ओळ येतच नाही. ती ओळ फंक्शनमध्ये सर्वांत पहिली असावी, यात मी कधीही सूट देत नाही.

'अवेट', म्हणजे उत्तर येईपर्यंत फंक्शनला थांबवणारा शब्द, वापरणाऱ्यांची चूक थोडी वेगळी असते. ईमेल आधीपासून नोंदलेला आहे का, हे सर्व्हरला विचारायचे आणि उत्तर 'हो' आले तरच फॉर्म अडवायचा, असा त्यांचा विचार असतो, आणि तो ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पण फंक्शन 'अवेट'पाशी थबकले की ब्राउझर उत्तराची वाट पाहत नाही; कोणी अडवले नाही असे धरून तो फॉर्म पाठवून मोकळा होतो. येथे उलट क्रमाने जावे लागते: आधी बिनशर्त अडवायचे, मग विचारायचे, आणि सर्व ठीक असेल तर फॉर्म आपण स्वतः पाठवायचा. स्वतः पाठवताना फॉर्मचे 'सबमिट' हे फंक्शन बोलावले, तर 'सबमिट' इव्हेंट घडत नाही आणि ब्राउझरची तपासणीही होत नाही. 'रिक्वेस्ट सबमिट' बोलावले, तर दोन्ही होते. वरच्या उदाहरणात तपासणी आधीच झालेली असल्यामुळे पहिलेच वापरावे. दुसरे वापरले, तर आपलाच लिसनर पुन्हा चालेल आणि फेरा संपणारच नाही.

'रिटर्न फॉल्स'बद्दलही गोंधळ असतो. एचटीएमएलमध्येच लिहिलेल्या 'ऑनसबमिट'मध्ये ते चालते, मात्र तेथेही फंक्शनच्या नावाआधी 'रिटर्न' लिहावे लागते. जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीमध्येही ते चालते. 'ॲड इव्हेंट लिसनर'ने जोडलेल्या फंक्शनमध्ये मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही. जुन्या धड्यांतून कोड उचलणारे येथे हमखास अडकतात.

नावांची टक्कर

एक संध्याकाळ मी स्वतः एका 'पुसा' बटणापायी घालवली आहे. बटणाच्या 'ऑनक्लिक'मध्ये मी 'क्लिअर' नावाचे माझे फंक्शन बोलावले होते, फंक्शन बरोबर होते, कन्सोलमधून बोलावले तर त्यातली एकेक ओळ चालत होती, आणि बटण दाबले की मात्र काहीच घडत नव्हते, एररसुद्धा येत नव्हती. एचटीएमएलमध्ये लिहिलेला असा कोड नावे शोधताना आधी त्या बटणात, मग फॉर्ममध्ये, मग डॉक्युमेंटमध्ये आणि शेवटी बाहेर पाहतो. डॉक्युमेंटपाशी 'क्लिअर' नावाचे एक जुने फंक्शन आहे आणि ते काहीही करत नाही. माझे बटण इमानाने तेच बोलावत होते. फंक्शनचे नाव 'सबमिट' ठेवणाऱ्याचे तर पान थेट जाते, कारण फॉर्मचे स्वतःचे 'सबमिट' आधी सापडते.

याच्या उलटही होते. बटणाला किंवा रकान्याला 'सबमिट' हे नेम किंवा आयडी दिले, तर फॉर्मवरून 'सबमिट' मागितल्यावर फंक्शनऐवजी तो घटकच हाती येतो आणि कन्सोल 'इज नॉट अ फंक्शन' म्हणतो. नाव बदलले की प्रश्न संपतो.

सगळे बरोबर असूनही पान ताजे होते

पत्त्यात प्रश्नचिन्ह नाही, मेथड 'पोस्ट'ही नाही, 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' पहिल्या ओळीवर आहे आणि तरी पान ताजे होते, असे असेल तर एडिटरकडे पाहावे. फाइल बदलली की पान आपोआप ताजे करणारी सोय शिकताना सगळेच वापरतात. सरावासाठीचा सर्व्हर आलेली माहिती त्याच फोल्डरमधल्या जेसन (माहिती साठवण्याच्या) फाइलमध्ये लिहीत असेल, तर ती सोय फाइल बदलली म्हणून पान ताजे करते आणि आळ फॉर्मवर येतो. जेसन फाइल त्या फोल्डरबाहेर हलवावी, किंवा तिच्यावर लक्ष ठेवू नये असे त्या सोयीच्या सेटिंगमध्ये लिहावे.

उलटा विकार: बटण दाबून काहीच होत नाही

कन्सोलमध्ये 'इज नॉट फोकसेबल' असे शब्द असलेली ओळ आली, तर 'रिक्वायर्ड' असलेला, म्हणजे भरलाच पाहिजे असा, एखादा रकाना लपवलेला आहे. तो रिकामा आहे हे ब्राउझरला सांगायचे असते, पण बोट दाखवायला जागा नसते, म्हणून तो फॉर्म रोखतो आणि गप्प बसतो. रकाना लपवताना त्याचे 'रिक्वायर्ड' काढावे, किंवा तो 'डिसेबल्ड' करावा. डिसेबल्ड रकाना तपासलाही जात नाही आणि पाठवलाही जात नाही.

दुसरे कारण 'सेट कस्टम व्हॅलिडिटी' हे रकान्यावर आपला संदेश लावणारे फंक्शन असते. दोन पासवर्ड जुळत नाहीत म्हणून एकदा संदेश लावला, की तो रकाना चुकीचाच धरला जातो, मग वापरणाऱ्याने पासवर्ड कितीही दुरुस्त केला तरी. पासवर्ड बदलताच त्याच फंक्शनला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, देऊन तो संदेश उतरवावा लागतो. हे 'इनपुट' इव्हेंटवर करावे. 'सबमिट'वर करून उपयोग नाही, कारण रकाना चुकीचा असेपर्यंत 'सबमिट' घडतच नाही.

पान थांबले, पण आकडे चुकतात

पान जागेवर राहू लागले की पुढची तक्रार ठरलेली असते: ५ आणि ३ यांची बेरीज ५३ येते. रकान्याची 'व्हॅल्यू' नेहमी स्ट्रिंग असते, रकान्याचा टाइप 'नंबर' असला तरीही, आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचे चिन्ह आले की त्या एकमेकींना चिकटतात. 'नंबर' या फंक्शनने आकडा करून घ्यावा, मात्र रिकाम्या स्ट्रिंगचा ते शून्य करते, हे ध्यानात ठेवून रकाना रिकामा आहे का ते आधी तपासावे. मजकुराच्या रकान्यात कोणी देवनागरी आकडे लिहिले, तर तेच फंक्शन 'नॅन' म्हणजे 'आकडा नाही' असे उत्तर देते. मराठीतून फॉर्म बनवणाऱ्यांनी ते आकडे आधी बदलून घेण्याची तजवीज करावी. नावाच्या लांबीवर घातलेली मर्यादाही सैल ठेवावी, कारण 'क्षि' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर असले तरी जावास्क्रिप्ट त्याची लांबी ४ मोजते.

तरीही उलगडले नाही तर

दुसऱ्याची मदत मागताना 'फॉर्म चालत नाही' या वाक्यातून समोरच्याला काहीच हाती लागत नाही. कन्सोलमधली पहिली लाल ओळ जशीच्या तशी द्यावी, कारण नंतरच्या ओळी बहुधा पहिलीच्या पोटातूनच आलेल्या असतात. पत्त्याच्या शेवटी काय दिसले, माउसने आणि एंटरने वेगवेगळे काय घडले, आणि फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लिहिलेला कन्सोलचा संदेश उमटला की नाही, हे तीन-चार वाक्यांत सांगावे. सोबत पूर्ण प्रकल्प देऊ नये. एक फॉर्म, एक रकाना, एक बटण आणि तीच चूक दाखवणारी थोडी स्क्रिप्ट एवढाच नमुना वेगळ्या फाइलमध्ये करून, तो स्वतः चालवून, चूक अजूनही दिसते याची खात्री करून द्यावा. कोड चित्राच्या रूपात नव्हे, मजकुराच्या रूपात द्यावा, म्हणजे तो चालवून पाहता येतो. आणि द्यायच्या आधी सर्व्हरच्या किल्ल्या, पासवर्ड आणि चाचणीसाठी भरलेली खऱ्या माणसांची नावे व क्रमांक त्यातून काढून टाकावेत. पत्त्याच्या पट्टीतली ओळ नकलताना तर विशेष जपावे, कारण नेमका पासवर्ड तिथेच लिहिलेला असतो.